हिस्पॅनिक–लॅटिनो कुटुंबे आणि समाजकार्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिशभाषक व लॅटिन अमेरिकन वंशपरंपरेच्या कुटुंबांना साहाय्य करताना त्यांची भाषा, कुटुंबरचना, श्रद्धा, मूल्ये आणि स्थलांतराचा इतिहास ध्यानी घेऊन करण्यात येणारे व्यावसायिक समाजकार्य. या दृष्टीस ‘सांस्कृतिक सक्षमता’ असे म्हणतात. सर्व कुटुंबांना एकच नियम लावला, म्हणजे सर्वांना समान वागणूक मिळाली, ही समजूत समाजकार्यात दीर्घकाळ रूढ होती. तथापि जो नियम एका समाजाच्या कुटुंबपद्धतीवरून तयार झाला आहे, तो दुसऱ्या पद्धतीच्या कुटुंबाला लावल्यास साहाय्याऐवजी अपायही होऊ शकतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक प्रकरणांतून स्पष्ट झाले. मूल कोणाच्या ताब्यात द्यावे, रुग्णाची संमती केव्हा खरी मानावी, मदतीस पात्र कोण, यांसारखे निर्णय समाजकार्यकर्त्याच्या अहवालावर पुष्कळदा अवलंबून असतात. म्हणून हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नसून न्यायाचाही आहे.

संज्ञा व लोकसंख्या : ‘हिस्पॅनिक’ ही संज्ञा आयबेरियन द्वीपकल्पाच्या ‘हिस्पानिया’ या रोमनकालीन नावावरून आली असून ती मुख्यत्वे स्पॅनिश भाषेशी व स्पेनशी असलेला संबंध दर्शविते. ‘लॅटिनो’ ही संज्ञा लॅटिन अमेरिकेतील मूळ दर्शविते. त्यामुळे ब्राझीलमधून आलेली पोर्तुगीजभाषक व्यक्ती लॅटिनो ठरते, परंतु हिस्पॅनिक ठरत नाही. स्पेनमधून आलेल्या व्यक्तीची स्थिती याच्या उलट असते. स्पॅनिश वंशाच्या लोकांची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याबाबतचा कायदा अमेरिकन काँग्रेसने १९७६ मध्ये संमत केला आणि १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न सर्व नागरिकांना विचारण्यात आला. शासकीय व्यवहारात १९९७ पासून ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ असा जोडप्रयोग रूढ झाला. ही वांशिक नव्हे, तर सांस्कृतिक वर्गवारी मानली गेल्याने वंशाचा प्रश्न वेगळा विचारला जाई व त्याचे उत्तर देताना अनेकांचा गोंधळ होई. २०२० च्या जनगणनेत ४० टक्क्यांहून अधिक हिस्पॅनिकांनी आपला वंश ‘अन्य’ असा नोंदविला. मार्च २०२४ मध्ये हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द विद्यापीठीय लेखनात आढळतो. मात्र सामान्य कुटुंबांत तो फारसा प्रचलित नाही. बहुतेक लोक स्वतःची ओळख मेक्सिकन, प्वेर्तो रीकन, क्यूबन, साल्वादोरन अशी मूळ देशावरून सांगणे पसंत करतात.

२०२० च्या जनगणनेनुसार संयुक्त संस्थानांत हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटी २१ लाख म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८·७ टक्के होती. तीत मेक्सिकन वंशाचे लोक निम्म्याहून अधिक असून त्यांच्या खालोखाल प्वेर्तो रीकन लोकांची संख्या होती. कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लॉरिडा व न्यूयॉर्क या राज्यांत त्यांची वस्ती विशेष आहे. 

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या कुटुंबांना सरसकट ‘स्थलांतरित’ मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला व तेथील मेक्सिकन रहिवासी जागचे न हलता परकीय सत्तेखाली आले. १८९८ च्या युद्धानंतर प्वेर्तो रीको अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ मध्ये तेथील रहिवाशांना अमेरिकन नागरिकत्व मिळाले. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये येणाऱ्या प्वेर्तो रीकन कुटुंबासमोर भाषेची व दारिद्र्याची अडचण असते. परंतु प्रवेशपरवान्याचा प्रश्न नसतो आणि बेट व मुख्य भूमी यांच्या दरम्यान त्याचे येणेजाणे सतत चालू असते. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना १९४२ ते १९६४ या काळात राबविण्यात आली. तीत पुरुषांनाच करारावर आणले जात असल्याने लक्षावधी कुटुंबे दोन देशांत विभागली गेली. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून मध्यम व उच्च वर्गातील कुटुंबे फ्लॉरिडात आली व त्यांना शासनाकडून निर्वासित म्हणून भरीव साहाय्य मिळाले. १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांहून अधिक क्यूबन मुले पालकांविना मायामीस आणण्यात आली आणि त्यांची व्यवस्था कॅथलिक समाजकल्याण संस्थेमार्फत झाली. १९८० मध्ये मारिएल बंदरातून आलेल्या सु. सव्वा लाख क्यूबनांमध्ये मात्र श्रमिकांची व कृष्णवर्णीयांची संख्या अधिक होती आणि त्यांचे स्वागत तितक्या आपुलकीने झाले नाही. एल साल्वादोर व ग्वातेमाला येथील यादवी युद्धांमुळे १९८० नंतर आलेल्या कुटुंबांना तर हिंसाचाराचा अनुभव असूनही आश्रय क्वचितच मंजूर होई.

कल्याणकारी यंत्रणेविषयी या समाजात जो अविश्वास आढळतो, त्यालाही इतिहास आहे. १९३० नंतरच्या महामंदीत लॉस अँजेल्ससारख्या ठिकाणच्या स्थानिक मदत कार्यालयांनी खर्च वाचविण्यासाठी मेक्सिकन कुटुंबांना रेल्वेगाड्यांनी मेक्सिकोत पाठविण्याची व्यवस्था केली. पाठविलेल्यांमध्ये अमेरिकेत जन्मलेली व म्हणून कायद्याने अमेरिकन नागरिक असलेली मुलेही मोठ्या संख्येने होती. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा करून याबद्दल क्षमायाचना केली. मदत मागण्यासाठी गेलेल्या कुटुंबाला त्याच कार्यालयाने देशाबाहेर काढावे, ही स्मृती पुढील पिढ्यांपर्यंत टिकून राहिली.

समाजकार्यातील दृष्टिकोनाचा विकास : शिकागो येथील ‘हल हाउस’ (स्थापना १८८९) यांसारख्या वस्तीकेंद्रांनी स्थलांतरितांमध्ये काम सुरू केले. पुढे तेथे मेक्सिकन कारागिरांनाही स्थान मिळाले. तथापि त्या काळातील सर्वसाधारण धोरण नवागतांचे ‘अमेरिकीकरण’ करण्याचे होते. कॅलिफोर्नियाच्या १९१५ च्या एका कायद्यान्वये शिक्षिका घरोघरी जाऊन स्थलांतरित मातांना इंग्रजी, स्वच्छता, पाककला व गृहव्यवस्था शिकवीत. कुटुंबाची मूळ चालरीत हा दोष असून तो दूर करावयाचा आहे, असे यामागील गृहीत होते.

१९६० च्या सुमारास या गृहीताला दुसरे रूप मिळाले. मानवशास्त्रज्ञ ऑस्कर ल्यूइस याने मेक्सिकन व प्वेर्तो रीकन कुटुंबांच्या अभ्यासावरून ‘दारिद्र्याची संस्कृती’ ही कल्पना मांडली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्यातून एक जीवनपद्धती तयार होते व ती मुलांकडे संक्रमित होते, असा तिचा आशय होता. ल्यूइसने या पद्धतीचे मूळ आर्थिक विषमतेत शोधले होते. परंतु या कल्पनेचा वापर पुष्कळांनी गरिबांच्या सवयींनाच त्यांच्या गरिबीचे कारण ठरविण्यासाठी केला. त्यावर लॅटिनो अभ्यासकांनी व कार्यकर्त्यांनी कठोर टीका केली. 

याच सुमारास समाजातूनच नेतृत्व पुढे आले. प्वेर्तो रीकोत जन्मलेली व न्यूयॉर्कमध्ये समाजकार्याचे शिक्षण घेतलेली आंतोनिया पांतोहा हिने १९६१ मध्ये ‘आस्पिरा’ ही युवकसंस्था स्थापन केली. बाहेरच्या तज्ञांनी प्वेर्तो रीकन मुलांचे प्रश्न सोडविण्याऐवजी त्या समाजातील तरुणांना शिक्षण व नेतृत्व यांसाठी तयार करावे, हे तिचे सूत्र होते. या संस्थेने न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळाविरुद्ध लढविलेल्या दाव्यातून १९७४ मध्ये द्वैभाषिक शिक्षणाची व्यवस्था मान्य करणारा आदेश निघाला. पांतोहा हिला १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

सांस्कृतिक सक्षमतेची संकल्पना : टेरी क्रॉस व त्याचे सहकारी यांनी १९८९ मध्ये, अल्पसंख्य समाजातील मानसिक आरोग्याच्या गंभीर समस्या असलेल्या मुलांच्या सेवांसंबंधी, एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात संस्थांच्या वर्तनाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत : संस्कृतीचा विध्वंस, असमर्थता, संस्कृतीविषयी अंधत्व, पूर्वतयारी, सक्षमता आणि प्रावीण्य. यांतील ‘अंधत्व’ ही पायरी विशेष विचारार्ह आहे. ‘आम्ही कोणाचाही रंग वा भाषा पाहत नाही’ असे म्हणणारी संस्था हेतूने चांगली असली, तरी तिची पद्धत बहुसंख्यांच्या सोयीनुसार ठरलेली असते, असे या अहवालाचे प्रतिपादन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय समाजकार्यकर्ता संघटनेने १९९६ च्या आपल्या नीतिसंहितेत सांस्कृतिक सक्षमतेचा अंतर्भाव केला, २००१ मध्ये त्यासंबंधीची मानके प्रसिद्ध केली व २०१५ मध्ये ती सुधारली. सुधारित दहा मानकांत नीतिमूल्ये, आत्मपरीक्षण, परसंस्कृतींचे ज्ञान, कौशल्ये, भाषा व संज्ञापन, सबलीकरण आणि नेतृत्व इ. बाबी येतात.

मेलानी टर्व्हलॉन व जॅन मरी-गार्सिया या वैद्यकतज्ञ स्त्रियांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक नम्रता’ ही पूरक संकल्पना मांडली. दुसऱ्याच्या संस्कृतीचे ज्ञान कधीही पूर्ण होत नाही. म्हणून सेवा देणाऱ्याने स्वतःच्या पूर्वग्रहांचे आजन्म परीक्षण करीत राहावे व कुटुंबालाच आपल्या जीवनाचे जाणकार मानावे, असा तिचा आशय आहे.

कुटुंबव्यवस्था व मूल्ये : लॅटिनो कुटुंबांविषयीच्या साहित्यात काही स्पॅनिश संज्ञा वारंवार येतात. ‘फामिलिस्मो’ म्हणजे व्यक्तीच्या हितापेक्षा कुटुंबाचे हित, परस्परसाहाय्य व निष्ठा यांना दिलेले प्राधान्य. कुटुंबात आजीआजोबा, मावश्या, काका, चुलत-मावस भावंडे यांचा समावेश होतो. त्यातच ‘कोम्पाद्रास्गो’ या नात्याची भर पडते. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता नेमले जातात. ते मुलाच्या आईवडिलांचे ‘कोम्पाद्रे’ व ‘कोमाद्रे’, म्हणजे सहपालक होतात. धर्मपालकांची प्रथा गोव्यातील व वसईतील कॅथलिक समाजातही आहे. लॅटिन अमेरिकेत हे नाते रक्तसंबंधाच्या तोडीचे मानले जाते आणि संकटकाळी मूल सांभाळण्याची जबाबदारी त्यातून येते.

‘रेस्पेतो’ म्हणजे वय, स्थान व नाते यांनुसार दिला जाणारा आदर. तो भाषेतही व्यक्त होतो. स्पॅनिशमधील एकवचनी ‘तू’ हे सर्वनाम उच्चाराने व अर्थाने मराठी ‘तू’ सारखेच असून आदरार्थी ‘उस्तेद’ हे मराठीतील ‘तुम्ही’ वा ‘आपण’ यांचे काम करते. इंग्रजीत असा भेद नसल्याने, स्पॅनिश जुजबी शिकलेला तरुण कार्यकर्ता घरातील वृद्ध स्त्रीला सहज एकेरी संबोधतो व पहिल्याच भेटीत दुरावा निर्माण होतो. याही बाबतीत प्रादेशिक भेद आहेतच. कोलंबियाच्या काही भागांत अगदी घरातल्या माणसांतही उस्तेद वापरतात, तर मध्य अमेरिकेत ‘व्होस’ हे वेगळे सर्वनाम चालते. ‘पेर्सोनालिस्मो’ म्हणजे संस्थेपेक्षा व्यक्तीशी असलेल्या जिव्हाळ्याच्या संबंधांस दिलेले महत्त्व आणि ‘कोन्फिआन्सा’ म्हणजे अशा संबंधांतून हळूहळू निर्माण होणारा विश्वास होय.

‘माचिस्मो’ व ‘मारियानिस्मो’ या संज्ञांचा वापर सर्वांत अधिक वादग्रस्त आहे. पहिलीने पुरुषी वर्चस्वाचा आणि एव्हलिन स्टीव्हन्झ हिने १९७३ मध्ये रूढ केलेल्या दुसरीने मातृत्व, त्याग व सोशिकता या स्त्रीआदर्शांचा बोध होतो. माचिस्मोत कुटुंबाचे पोषण, संरक्षण व शब्द पाळणे यांचाही अंतर्भाव होतो, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. घरगुती हिंसेच्या प्रकरणात ‘ही त्यांची संस्कृतीच आहे’ असे मानून स्त्रीचे गाऱ्हाणे दुर्लक्षिणे ही सांस्कृतिक सक्षमता नव्हे, तर तिचा विपर्यास होय.

भाषा व दुभाषी : भाषेतील चूक जीवघेणी ठरू शकते. फ्लॉरिडात १९८० मध्ये बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेल्या एका क्यूबन कुटुंबातील तरुणाविषयी नातेवाइकांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. क्यूबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधणे असा होतो. तो इंग्रजी शब्दाशी जुळवून अंमली पदार्थांचे अतिसेवन असा लावला गेला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. योग्य उपचारास विलंब होऊन तरुणाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले. 

दुभाषी नसल्यास मुलांकडूनच भाषांतर करून घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. आईचा आजार, वडिलांची बेकारी वा घरातील मारहाण यांविषयीचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलीने विचारावयाचे व उत्तरे सांगावयाची, यात त्या मुलीवर ताण येतो, पालकांचा मान कमी होतो आणि महत्त्वाची माहिती दडपली जाते. २०१६ नंतरच्या केंद्रीय आरोग्यनियमांनी आणीबाणी वगळता अज्ञान मुलांचा दुभाषी म्हणून उपयोग करण्यास मनाई केली. राष्ट्राध्यक्षांच्या २००० मधील एका आदेशाने शासकीय सेवा इंग्रजी न जाणणाऱ्यांना उपलब्ध करण्याचे बंधन घातले होते. तो आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द करून इंग्रजी ही अधिकृत भाषा घोषित करण्यात आली. तथापि राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा अस्तित्वात आहे. मेक्सिको व ग्वातेमाला येथून येणाऱ्या अनेक कुटुंबांची मातृभाषा मिश्तेक, सापोतेक, माम किंवा किचे यांसारखी आदिवासी भाषा असते व त्यांना स्पॅनिश दुभाष्याचाही पुरेसा उपयोग होत नाही, हे अलीकडे ध्यानी आले आहे.

आरोग्य व लोकोपचार : दुःख व ताण व्यक्त करण्याच्या रीती संस्कृतीनुसार भिन्न असतात. कॅरिबियन भागातील लोकांमध्ये आढळणारा ‘आताके दे नेर्विओस’ म्हणजे कौटुंबिक आघातानंतर रडणे, ओरडणे, थरथरणे, छातीतून डोक्याकडे उष्णता चढल्यासारखे वाटणे यांचा झटका होय. त्यास चित्तविकृती समजल्याने चुकीचे निदान होण्याचा संभव असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून अशा संस्कृतिविशिष्ट लक्षणसमूहांची नोंद आढळते. २०१३ च्या आवृत्तीत रुग्णाला त्याच्याच शब्दांत आजार सांगण्यास वाव देणारी १६ प्रश्नांची मुलाखतपद्धती दिली आहे. भीतीमुळे होणारा ‘सुस्तो’ व दृष्ट लागण्याच्या समजुतीसारखा ‘माल दे ओहो’ हे लोकमान्य आजार असून त्यांवर ‘कुरांदेरो’ म्हणजे पारंपरिक वैदू उपचार करतात.

अशा श्रद्धांचा आदर करणे म्हणजे प्रत्येक उपचार निर्धोक मानणे नव्हे. पोटाच्या ‘एम्पाचो’ या विकारावर मुलांना देण्यात येणाऱ्या ‘ग्रेता’ व ‘आसार्कोन’ या पुडींत शिशाची संयुगे असल्याचे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उघडकीस आले. त्या वेळी पालकांना दोषी ठरविण्यापेक्षा वैदू, धर्मगुरू व दुकानदार यांच्यामार्फत माहिती पोहोचविणे श्रेयस्कर, असे आढळून आले. मेल्व्हिन डेल्गॅडो व डेनिस ह्यूम-डेल्गॅडो यांनी १९८२ मध्ये विस्तारित कुटुंब, लोकवैद्य, धर्मसंस्था आणि व्यापारी व सामाजिक मंडळे ही हिस्पॅनिक वस्तीतील चार नैसर्गिक आधारस्थाने म्हणून नोंदविली. वस्तीतीलच प्रशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून नेमण्याची ‘प्रोमोतोरा’ पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

कार्यपद्धती : प्रारंभीच्या भेटीत थेट प्रश्नावली पुढे न करता ‘प्लातिका’ म्हणजे गाव, मुलेबाळे, प्रवास यांविषयी अनौपचारिक बोलणे करावे; घरातील ज्येष्ठांना प्रथम संबोधावे; देऊ केलेली कॉफी नाकारू नये, असे संकेत कार्यकर्ते पाळतात. आई व वडील या दोघांकडील दोन आडनावे लावण्याच्या स्पॅनिश पद्धतीमुळे एकाच घरातील पती, पत्नी व मुले यांची आडनावे वेगळी असतात. त्यावरून विवाहाविषयी वा मातृत्वाविषयी शंका घेऊ नये, हेही कार्यालयीन कर्मचाऱ्यांना शिकवावे लागते.

एलेन काँग्रेस हिने १९९४ मध्ये तयार केलेला ‘कल्चराग्राम’ हा आराखडा कुटुंबाची वैयक्तिक माहिती मिळविण्याचे एक साधन होय. स्थलांतराचे कारण, कायदेशीर दर्जा, वास्तव्याचा काळ, घरातील भाषा, आरोग्यविषयक समजुती, सण, संकटाचे प्रसंग, शिक्षण व काम यांविषयीची मूल्ये इ. बाबी त्यात एका आकृतीत मांडल्या जातात. त्यामुळे ‘लॅटिनो कुटुंब’ अशा सामान्य कल्पनेऐवजी समोरचे विशिष्ट कुटुंब दिसू लागते.

मायामीतील क्यूबन कुटुंबांमध्ये काम करताना होसे सापोच्निक व त्याचे सहकारी यांना असे आढळले, की मुले नवी भाषा व रीती लवकर आत्मसात करतात, पालक मागे राहतात आणि दोहोंतील हे अंतर संघर्षाचे कारण होते. हा संघर्ष आई व मुलगा यांचा नसून दोन संस्कृतींचा आहे, असे कुटुंबाला उमजेल अशा रीतीने उपचार करण्याची पद्धती त्यांनी विकसित केली. न्यूयॉर्कमध्ये ज्युझेप्पे कोस्तांतीनो, रॉबर्ट मॅलगडी व लॉइड रॉग्लर यांनी प्वेर्तो रीकन मुलांसाठी लोककथांवर आधारलेली ‘क्वेंतो’ उपचारपद्धती वापरली (१९८६). मातांच्या सहभागाने सांगितलेल्या या कथांमुळे मुलांमधील चिंता कमी झाल्याचे त्यांना दिसून आले. गियेर्मो बेर्नाल व इतरांनी १९९५ मध्ये एखादी उपचारपद्धती अन्य संस्कृतीसाठी बदलताना भाषा, व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती व परिस्थिती या आठ अंगांचा विचार करावा, असे सुचविले.

बालकल्याण : सांस्कृतिक अज्ञानाचे परिणाम बालसंरक्षणाच्या क्षेत्रात सर्वांत तीव्र असतात. अनेक भावंडांनी एका खोलीत झोपणे, थोरल्या मुलीने धाकट्यांना सांभाळणे, मूल काही महिने आजीकडे ठेवणे यांस हेळसांड समजले जाण्याचा धोका असतो. याउलट, खरी हेळसांड ‘चालरीत’ म्हणून दुर्लक्षिली जाण्याचाही धोका असतो. इलिनॉय राज्यात स्पॅनिशभाषक मुले इंग्रजीभाषक पालकगृहांत ठेवली गेल्याने ती मातृभाषा विसरत व पुढे आईवडिलांशी बोलूही शकत नसत. त्याविरुद्धच्या दाव्यातून १९७७ मध्ये ‘बर्गोस समझोता आदेश’ निघाला. त्यानुसार अशा कुटुंबांना स्पॅनिशमधून सेवा देण्याचे व त्यांची मुले स्पॅनिशभाषक घरी ठेवण्याचे बंधन राज्याच्या बालकल्याण विभागावर आले. मूल परत घरी जावे हे उद्दिष्ट असेल, तर त्याची घरची भाषा जपणे हीच पहिली अट ठरते, हे या प्रकरणाने दाखविले.

१९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने पालकगृहात राहिले, तर सामान्यतः आईवडिलांचे हक्क संपुष्टात आणण्याची कार्यवाही राज्याने सुरू करावयाची असते. स्थानबद्ध वा हद्दपार झालेल्या पालकांना न्यायालयात उपस्थित राहणे वा ठरवून दिलेले वर्ग पूर्ण करणे शक्य नसते. परिणामी मुदत त्यांच्या विरुद्ध जाते. २००८ च्या कायद्याने मूल ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत नातेवाइकांना कळविण्याचे बंधन घातले. तथापि कोम्पाद्रेसारख्या नात्यास ‘नातेवाईक’ मानावयाचे की नाही, हे राज्याच्या व्याख्येवर व पुष्कळदा कार्यकर्त्याने ते नाते अहवालात नोंदविण्यावर अवलंबून असते.

कायदेशीर दर्जा व भीती : एकाच कुटुंबात नागरिक, परवानाधारक रहिवासी व कागदपत्रे नसलेले सदस्य एकत्र राहतात. १९९६ च्या कल्याणविषयक कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांनाही अनेक केंद्रीय योजनांपासून पहिली पाच वर्षे वंचित केले. मुलाला लाभ मिळण्याचा हक्क असूनही पालक अर्ज करण्याचे टाळतात. कारण दिलेली माहिती आप्रवासन खात्याकडे जाईल, अशी त्यांना भीती वाटते. २०१८ मधील धोरणामुळे सीमेवर हजारो मुले पालकांपासून विलग करण्यात आली आणि पुरेशा नोंदींअभावी त्यांपैकी अनेकांची पुनर्भेट घडविण्यास दीर्घ काळ लागला. शाळा, रुग्णालये व प्रार्थनामंदिरे या ठिकाणी आप्रवासनविषयक कारवाई टाळण्याचे २०११ पासूनचे धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाले. अशा स्थितीत कोणती माहिती विचारणे आवश्यक आहे व कोणती लेखी नोंदविणे कुटुंबास घातक ठरेल, याचा विवेक हा समाजकार्यकर्त्याच्या कौशल्याचा महत्त्वाचा भाग ठरतो.

टीका व मूल्यमापन : सांस्कृतिक सक्षमतेवर प्रमुख आक्षेप असा, की मूल्यांच्या याद्या पाठ केल्याने नवे साचे तयार होतात. लॅटिनो समाजात वर्ण, वर्ग, धर्म, देश व पिढी यांनुसार मोठे भेद आहेत. प्रॉटेस्टंट पंथीयांची संख्या वाढली आहे. तिसऱ्या पिढीतील अनेकांना स्पॅनिश बोलता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लॉस अँजेल्समधील एका सरकारी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांकडून प्रसूतिवेदना चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन त्यांच्यावर निर्बीजीकरण शस्त्रक्रिया करण्यात आल्या. दहा स्त्रियांनी १९७५ मध्ये दावा दाखल केला. अपत्यक्षमता गमावल्याने या स्त्रियांचे समाजातील स्थान कसे ढासळले, हे मानवशास्त्रज्ञ कार्लोस व्हेलेस-इबान्येस याने साक्षीत विशद केले. न्यायाधीशाने १९७८ च्या निकालात ही साक्ष उलटी लावली. स्त्रियांचे दुःख मुख्यतः त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीतून उद्भवले असून घडले ते डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संज्ञापनाच्या अभावामुळे, असे मानून त्याने दावा फेटाळला. तथापि या व अशा प्रकरणांमुळे जागृती होऊन त्याच वर्षी केंद्र शासनाने रुग्णास समजणाऱ्या भाषेत संमती व शस्त्रक्रियेपूर्वी ३० दिवसांचा अवधी यांविषयीचे नियम केले. संस्कृतीचे ज्ञान दुर्बलांच्या हक्कांशी जोडले नाही, तर तेच ज्ञान त्यांच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

दुसऱ्या देशात घडलेल्या पद्धती जशाच्या तशा स्वीकारण्याचा प्रश्न भारतीय समाजकार्यासही अपरिचित नाही. मुंबईत १९३६ मध्ये अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयातून (विद्यमान टाटा सामाजिक विज्ञान संस्था) येथील व्यावसायिक शिक्षणाचा पाया घातला गेला. अमेरिकन व्यक्तिसहाय्य पद्धती येथील कुटुंब, जात व दारिद्र्य यांच्या संदर्भात कितपत लागू पडते, याविषयीची चर्चा नंतर दीर्घकाळ चालू राहिली. लॅटिनो कुटुंबांतील कार्याच्या अनुभवाने या चर्चेत एक मुद्दा पुढे आणला आहे : कुटुंबाची चालरीत समजून घेणे आवश्यक असले, तरी त्याची भाषा, हक्क व निर्णयस्वातंत्र्य यांना संस्थेच्या नियमांत स्थान मिळाल्याखेरीज ती समज पुरेशी ठरत नाही.